इंग्रजीत यादी अर्धी सोडायची तर कशी सोडायची: एटसेटरा, अँड सो ऑन आणि त्यांची सगळी भावंडं

परवा क्लासला एका मुलीने निबंध आणून दिला, आयेल्ट्स म्हणजे परदेशी जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा, तिच्या रायटिंगमधला टास्क टू, ४० मिनिटांत किमान २५० शब्द लिहायचे असतात तो, आणि तिसऱ्याच ओळीत हे वाक्य: 'फॉर एक्झाम्पल, प्रोफेशन्स सच ॲज डॉक्टर्स, टीचर्स, नर्सेस, एटसेटरा अँड मेनी मोअर अँड सो ऑन नीड लाँग ट्रेनिंग.' मी वहीवर बोट ठेवून विचारलं, नर्सेसच्या पुढे अजून कोण कोण ते सांग बघू. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "काकू, पुढे कोणी नाहीये, पण शेवटी ते असंच लिहायचं असतं ना?"

मी बडोद्याला दांडिया बाजारात घरीच इंग्रजीचे क्लास घेते, मराठी मुलं असतात, गुजराती असतात, निम्मी कॅनडाला निघालेली, निम्मी इथेच नोकरीच्या इंटरव्ह्यूची तयारी करणारी, आणि हे 'असंच लिहायचं असतं' मला सगळ्यांच्या वहीत दिसतं. म्हणून आज एकदा सगळं नीट लिहून काढते, कारण ग्रामरच्या पुस्तकात या गोष्टीला जेमतेम अर्ध पान मिळतं आणि बोलताना लिहिताना तर दिवसातून दहा वेळा लागते.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवून घ्या की यादीच्या शेवटी एटसेटरा लावलं म्हणजे आपण समोरच्याला सांगतोय की बाकीचं तुला माहितीये, मी कशाला सांगू. मग ते खरंच त्याला माहीत असायला हवं ना. माझी कसोटी अशी आहे की लिहून झालं की स्वतःला विचारायचं, वाचणाऱ्याला पुढची दोन नावं स्वतःची स्वतः घेता येतील का? येत असतील तर एटसेटरा, अँड सो ऑन, काय हवं ते लावा. येत नसतील तर एकतर अजून नावं द्या, नाहीतर यादीची सुरुवातच वेगळी करा, ते कसं ते पुढे सांगते.

आपल्या इथलंच बघा. बडोद्यातल्या माणसाला मी म्हटलं की पाहुण्यांसाठी लीलो चिवडो, भाकरवडी, शेव एटसेटरा आणून ठेव, तर त्याला कळलं, तो बरोबर फरसाणच्या दुकानात जाईल आणि अजून दोन पाकिटं स्वतःच्या मनाने घेऊन येईल. हेच वाक्य टोरांटोच्या घरमालकिणीला सांगितलं तर तिला तीनपैकी एकही नाव माहीत नाही, मग एटसेटराने ती काय समजणार. तिला सांगायचं 'सेव्हरी स्नॅक्स लाइक भाकरवडी अँड लीलो चिवडो', म्हणजे आधी जात सांगितली, मग नमुने सांगितले. तेच तीन पदार्थ, पण वाचणारा बदलला की शेपूट कामाचं राहत नाही, डोकं लावावं लागतं.

आता एटसेटरा. हा शब्द लॅटिन, दोन शब्द आहेत, 'एट' म्हणजे आणि, 'सेटरा' म्हणजे बाकीच्या गोष्टी. गंमत म्हणजे आपला वगैरे अगदी तसाच बनलाय, तो अरबीतून फारसीमार्गे आला, त्यातला 'व' म्हणजे आणि, आणि 'गैर' म्हणजे दुसरं, निराळं, गैरहजर आणि गैरसमज मधला तोच गैर. म्हणजे वगैरे = आणि दुसरं. मराठीत कोणी 'चहा, पोहे आणि वगैरे' म्हणत नाही, कानालाच खटकतं, कारण आणि आतमध्ये आधीच बसलेला आहे. तर मग 'अँड एटसेटरा' का लिहायचं? ते आणि आणि बाकीचं असं होतं. गुजराती मुलांनाही मी हेच सांगते, तुमच्या वगेरेच्या आधी तुम्ही कधी 'अने' लावता का, नाही ना, मग इथेही अँड नको. हे एकदा सांगितलं की मुलं परत ती चूक करत नाहीत, नियम पाठ करून मात्र करत राहतात, हे मी बघितलेलं आहे. अँडचं जे वळणदार चिन्ह आपण दुकानांच्या पाट्यांवर बघतो ना, अमुक अँड सन्स वगैरे, ते सुद्धा या 'एट'ची दोन अक्षरं एकमेकांत गुंफून झालेलं आहे, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत एटसेटरा ते चिन्ह आणि पुढे फक्त सी असं छापलेलं सापडतं.

उच्चार एट-सेटरा. एक्सेट्रा नाही, मध्ये क्स कुठून आला कोण जाणे पण इंटरव्ह्यूत तो लगेच ऐकू येतो. ई-टी-सी अशी अक्षरंही वाचायची नाहीत, लिहिलेलं छोटं असलं तरी बोलताना पूर्ण शब्द. आणि स्पेलिंगमध्ये ई-सी-टी लिहिणारे तर खूप आहेत, तेव्हा 'एट' आधी म्हणून ई-टी आधी, मग 'सेटरा'चा सी, असं लक्षात ठेवा. पुढे टिंब लागतं कारण शब्द तोडलेला आहे, आपण इत्यादीचं 'इ.' करतो तसंच. त्याच्या आधी स्वल्पविराम द्यायचा, आणि वाक्य तिथेच संपत असेल तर दुसरं टिंब द्यायचं नाही, एकातच दोन्ही कामं होतात, प्रश्नचिन्ह असेल तर मात्र टिंबानंतर तेही येतं.

एटसेटराच्या आधी निदान दोन वस्तू हव्यात, तीन असल्या तर उत्तम. 'ब्रिंग पेन, एटसेटरा' यावरून काय आणायचं, वही का पट्टी का ओळखपत्र? एका वस्तूवरून दिशा कळत नाही, दोनवरून थोडी कळते, तीनवरून पक्की होते. आणि त्या एकाच जातीच्या हव्यात. टोमॅटो, कांदे, मोबाईलचं रिचार्ज, एटसेटरा, ही कसली यादी, पुढे काय येणार ते देवालाच माहीत. तशीच एक उलटी चूक, जी यादी मोजून चारच गोष्टींची आहे तिथे एटसेटरा लावणं. आयेल्ट्सचे भाग कुठले असं विचारलं तर 'लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, एटसेटरा' असं एकाने लिहिलं होतं, अरे चारच आहेत, चौथं स्पीकिंग लिहायला कितीशी जागा लागते.

आणि वगैरे वगैरे. मराठीत आपण दोनदा म्हणतो, त्यात काही वाटत नाही, पण इंग्रजीत एटसेटरा दोनदा आलं की त्यात कंटाळा ऐकू येतो, तेच ते रटाळ पुराण, पुढचं सोडा, असा भाव येतो. सीव्हीमध्ये किंवा अर्जात स्वतःच्या कामाबद्दल लिहिताना तो भाव येऊन चालेल का? एकदाच पुरे.

अँड सो ऑन हे एटसेटराच्या जागी बऱ्याचदा चालतं पण त्याची खरी ताकद क्रमात आहे. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं काही सुटत जात असेल तिथे ते फार छान बसतं. 'द फी इज ड्यू एव्हरी थर्ड मंथ: मार्च, जून, अँड सो ऑन.' वाचणारा आपोआप सप्टेंबर, डिसेंबर मोजतो, त्याला तुम्ही धागा दिलात आणि पुढचं त्याने ओढलं. दुसरं म्हणजे एटसेटरा बहुतेक वस्तूंच्या नावांमागे शोभतं, अँड सो ऑन पूर्ण वाक्यांमागेही शोभतं: 'दे आस्क्ड व्हेअर आय लिव्ह, व्हॉट माय फादर डझ, हाऊ लाँग आय हॅव स्टडीड इंग्लिश, अँड सो ऑन.' इथे एटसेटरा चुकीचं नाही पण जरा कोरडं वाटतं. अँड सो फोर्थ हे त्याचंच जरा पुस्तकी रूप, आणि दोन्ही एकत्र म्हणायचं असेल तर अँड सो ऑन अँड सो फोर्थ, त्यातला एकही अँड गाळायचा नाही. आपल्याकडे 'सो ऑन सो फोर्थ' असं सर्रास म्हणतात आणि मोठे मोठे लोक भाषणात म्हणतात, पण ते ऐकून उचलू नका.

अँड द लाइक म्हणजे 'आणि यांसारखं'. पेन्सिल्स, इरेझर्स, अँड द लाइक. यात सारखेपणावर भर आहे, क्रमावर नाही, आणि लेखनात जरा नीटनेटकं दिसतं. अँड सच हे त्याचंच घरगुती रूप, बोलण्यात ठीक.

माणसांच्या नावांमागे एटसेटरा लावू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते कारण मराठीतही लिहिताना आपण ते करत नाही. घरात बोलताना म्हणतो, काका, मामा वगैरे आले होते, पण लग्नपत्रिकेत कोणी 'वगैरे' छापेल का? आणि वर्तमानपत्रात कार्यक्रमाची बातमी बघा, चार नावं झाली की 'आदी मान्यवर उपस्थित होते' नाहीतर 'प्रभृती' येतं. प्रभृती हा शब्द आपण माणसांसाठीच ठेवलाय, किती शहाणपणाची गोष्ट आहे. इंग्रजीतलं प्रभृती म्हणजे अमंग अदर्स. आपल्या बडोद्याचंच वाक्य घेऊ, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले, अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत इथल्या नोकरीत होते, रविवर्म्याने इथल्या दरबारासाठी चित्रं काढली. हे एका वाक्यात सांगायचं तर: 'सयाजीराव सपोर्टेड बी. आर. आंबेडकर, ऑरोबिंदो घोष, अँड राजा रवी वर्मा, अमंग अदर्स.' इथे एटसेटरा ठेवून बघा, आंबेडकर, अरविंद, रविवर्मा एटसेटरा, कसं वाटतं ते. शेवटच्या नावाआधी अँड आलाय तेही बघून ठेवा, एटसेटराच्या यादीत तो नसतो कारण अँड शेपटात असतो, अमंग अदर्सच्या यादीत तो लागतो कारण शेपटात अँड नाही. ही बारीक गोष्ट आहे पण तपासणाऱ्याच्या डोळ्याला लगेच दिसते.

वस्तू किंवा कामं असतील तर अमंग अदर थिंग्ज, आणि हे शेवटीच यायला पाहिजे असं नाही, मध्येही येतं, मध्येच जास्त छान येतं. 'सयाजीराव गेव्ह बडोदा, अमंग अदर थिंग्ज, अ म्युझियम, अ बँक, अँड अ सेंट्रल लायब्ररी.' म्युझियम १८९४ चं, बँक १९०८ ची, सेंट्रल लायब्ररी १९१० ची, आणि अजून कितीतरी राहिलं हे त्या तीन शब्दांत आलं. सरकारी पत्रात आणि वकिलांच्या नोटिशीत याच अर्थाने 'इंटर आलिया' दिसेल, तेही लॅटिन, त्याचा अर्थ ओळखता आला म्हणजे झालं, आपल्या अर्जात घालायची गरज नाही.

माणसांसाठी अजून एक, एट आल. हे फक्त शोधनिबंधात, लेखकांची नावं खूप असली की पहिल्याचं देऊन पुढे एट आल. युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी मुलं माझ्याकडे प्रबंधाचं इंग्रजी तपासायला आणतात, त्यांच्यात हमखास टिंबाची चूक असते. 'एट' पूर्ण शब्द आहे, त्याला टिंब नाही, 'आल' तोडलेला आहे, त्याला टिंब आहे. एपीए ही संदर्भ कसे द्यायचे त्याची एक नियमावली, तिच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून असं लिहायचं. आणि कोर्टाच्या कागदावर पक्षकाराच्या नावापुढे ओ-आर-एस दिसतं ना, ते अदर्सचं छोटं रूप, म्हणजे बाकीचे बरेच, आणि ए-एन-आर असेल तर अनदर, म्हणजे अजून एकच. घरात जागेची वगैरे केस चालू असेल तर हे माहीत असलेलं बरं.

आता डोकं लावणं म्हणजे काय ते. यादीचा अपुरेपणा दोन ठिकाणी सांगता येतो, सुरुवातीला किंवा शेवटी. सुरुवातीला सच ॲज, इन्क्लूडिंग, लाइक, फॉर एक्झाम्पल. शेवटी एटसेटरा आणि मंडळी. नियम एवढाच की एकाच टोकाला सांगायचं. सच ॲज म्हणतानाच तुम्ही सांगितलंत की हे नमुने आहेत, बाकी अजून आहेत, मग शेवटी एटसेटरा कशाला, एकदा निरोप घेऊन झाल्यावर परत दारातून निरोप घेतल्यासारखं होतं. इन्क्लूडिंगचंही तेच. ई-जी म्हणजे उदाहरणार्थ, त्याच्याही मागे एटसेटरा नको. आय-ई मात्र वेगळं, ते 'म्हणजे', तिथे यादी पुरी असते, अपुरी नसते, दोघांची अदलाबदल करू नका.

परीक्षेत आणि ऑफिसच्या लेखनात मी मुलांना नेहमी सुरुवातीचंच टोक पकडायला सांगते. कारण सच ॲजच्या आधी एक जातिवाचक शब्द लिहावाच लागतो, प्रोफेशन्स सच ॲज, फेस्टिव्हल्स सच ॲज, आणि तो शब्द शोधताना आपल्यालाच कळतं की आपण नक्की कशाबद्दल बोलतोय. एटसेटरामध्ये ती सक्ती नसते, नावं टाकत गेलं आणि थकलं की एटसेटरा. आयेल्ट्सचे तपासनीस शब्दसंपत्ती आणि वाक्यांची सांधेजोड यांचे वेगळे वेगळे गुण देतात, आणि निबंधात चार वेळा एटसेटरा म्हणजे दोन्हीकडे हात आखडता दिसतो.

जिथे पैशाचा संबंध आहे तिथे तर कुठलंच टोक पुरत नाही, पूर्ण यादी मागा. माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात ब्रॅम्प्टनला शिकायला गेला, जायच्या आधी खोली ठरवताना घरमालकाचा मेसेज आला होता, 'रेंट इन्क्लूड्स हायड्रो, इंटरनेट, एटसेटरा.' बघा, इन्क्लूड्स पण आणि एटसेटरा पण. हायड्रो म्हणजे ऑन्टारिओत वीज, पाणी नव्हे, ते त्याला मी सांगितलं होतं, पण त्या एटसेटरात त्याने लॉन्ड्री धरली आणि मालकाने धरली नव्हती. दुसऱ्या महिन्यात लॉन्ड्रीचे वेगळे पैसे मागितले तेव्हा पोराने रात्री फोन केला, काकू, मेसेजमध्ये तर एटसेटरा लिहिलंय. त्या शब्दाच्या जोरावर भांडता येत नाही हो, कारण तो शब्द काहीच सांगत नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं की हे मी आधी शिकवायला हवं होतं. तेव्हापासून जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक वाक्य लिहूनच देते, डिपॉझिट भरायच्या आधी पाठवायचं: 'कुड यू प्लीज लिस्ट एव्हरीथिंग दॅट इज इन्क्लूडेड इन द रेंट?' यात उद्धटपणा अजिबात नाही, कोणी रागवत नाही.

कायद्यातही यावर विचार झालेला आहे. एज्युस्डेम जेनेरिस नावाचं एक लॅटिन तत्त्व आहे, अर्थ 'त्याच जातीचं'. गाय, म्हैस, बकरी आणि इतर प्राणी असं लिहिलं असेल तर त्या इतर प्राण्यांत वाघ मोजत नाहीत, आधीच्या नावांची जी जात तिच्यातलेच. म्हणूनच ज्यांना यादी खरंच मोकळी ठेवायची असते ते करारात 'इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू' असं लांबलचक लिहितात. भाड्याच्या किंवा नोकरीच्या कागदावर हे चार-पाच शब्द दिसले की थांबून वाचा, पुढे जे लिहिलंय त्याच्यापेक्षा जास्त काहीतरी तुमच्यावर येऊ शकतं.

टू नेम अ फ्यू. हे शेवटी येतं, आधी स्वल्पविराम, आणि याच्यात एक कौतुक आहे, की एवढं आहे एवढं आहे, मी आपली थोडीच नावं घेतली. 'वडोदरा हॅज ग्रँड ओल्ड बिल्डिंग्ज: लक्ष्मी विलास पॅलेस, न्यायमंदिर, कीर्ती मंदिर, टू नेम अ फ्यू.' जिथे खरोखर भरपूर आहे तिथेच लावा. घरी दोन मांजरं आहेत आणि दोघांची नावं सांगून टू नेम अ फ्यू म्हटलं तर कसं चालेल. मध्ये बट घालून टू नेम बट अ फ्यू असंही म्हणतात, ते जरा ब्रिटिश वळणाचं. यू नेम इट त्याच्याही पुढचं, तुम्ही नाव घ्या आणि ते आहे, मंगळ बाजारात फिरून आल्यावर म्हणावं तसं, बांगड्या, चणिया, पडदे, भांडी, यू नेम इट. हे बोलण्यातलं, निबंधात नको.

बोलण्यातलं इंग्रजी वेगळीच गोष्ट आहे आणि मला ते शिकवायला सगळ्यात जास्त आवडतं. तिथे एटसेटरा फार कमी ऐकू येतं. लोक म्हणतात अँड स्टफ, अँड थिंग्ज लाइक दॅट, अँड एव्हरीथिंग, ऑर समथिंग, ऑर एनीथिंग, ऑर व्हॉटेव्हर. भाषेचा अभ्यास करणारे यांना जनरल एक्स्टेंडर्स म्हणतात आणि त्यांचे दोन गट करतात, अँडने सुरू होणारे आणि ऑरने सुरू होणारे. अँडवाले सांगतात की अजून आहे, ऑरवाले सांगतात की हे नाहीतर ह्याच्यासारखं दुसरं काहीतरी. आपल्याला हे समजायला अजिबात अवघड नाही कारण आपल्याकडे चहाबिहा आहे! "चहाबिहा घेणार का?" म्हणजे चहाच पाहिजे असं नाही, कॉफी, सरबत, काहीही, तेव्हा 'वुड यू लाइक सम टी ऑर समथिंग?' आणि "पुस्तकंबिस्तकं घेतलीस का?" म्हणजे पुस्तकं आणि त्याबरोबरचं सगळं, तेव्हा 'डिड यू टेक युअर बुक्स अँड स्टफ?' एकाच 'बि'ची इंग्रजीत दोन तोंडं झाली. गुजराती मुलं पाणी-बाणी म्हणतात, हिंदीत पानी-वानी होतं, सगळ्यांना पटकन कळतं.

ऑर एनीथिंग नकारात आणि प्रश्नात लागतं, होकारात ऑर समथिंग, आणि चहाबिहा देऊ करताना प्रश्न असला तरी ऑर समथिंगच. 'ही डिडन्ट कॉल ऑर एनीथिंग', फोन नाही, निरोप नाही, काही नाही. हे वाक्य आलं की ऐकणाऱ्याला वाटतं या माणसाला इंग्रजी येतं, इतकं ते बोलण्याच्या पोटातलं आहे. ऑर व्हॉटेव्हर जपून. पाहुण्याला 'टी, कॉफी, ऑर व्हॉटेव्हर' म्हटलं तर घ्या काय घ्यायचं ते, मला काय, असं वाजू शकतं, तिथे ऑर समथिंगच बरं. आकड्यांच्या मागे ऑर सो, 'टेन मिनिट्स ऑर सो', दहाएक मिनिटं, पण आधी अबाउट लावलं असेल तर मागे ऑर सो नको, परत तीच दोन टोकांची गोष्ट.

अँड ऑल राहिलं. आपल्याकडे 'वी वेन्ट टू गरबा अँड ऑल' असं सगळेच म्हणतात, भारतीय इंग्रजीत ते रुळलेलं आहे, मित्रांमध्ये खुशाल म्हणा, मी स्वतः म्हणते. फक्त परीक्षेच्या स्पीकिंगमध्ये, ११ ते १४ मिनिटांची असते ती, दर वाक्याला अँड ऑल आलं तर परीक्षकाला ऑल म्हणजे काय काय ते कळत नाही. तिथे अँड थिंग्ज लाइक दॅट म्हणायची सवय लावा, ते सगळीकडे चालतं, आणि त्याच्यात थिंग्जच्या जागी नेमका शब्द घालता येतो, अँड डिशेस लाइक दॅट, अँड गेम्स लाइक दॅट, अँड प्लेसेस लाइक दॅट. माझं सगळ्यात लाडकं हेच आहे कारण यात डोकं आणि शेपूट दोन्ही एकाच ठिकाणी सापडतं, जातही सांगून होते.

तीन टिंबं देऊन यादी सोडायची सवय मोबाईलमुळे लागलीये, ती चॅटपुरती ठेवा, निबंधात आणि ऑफिसच्या मेलमध्ये नको, काहीतरी सांगायचं टाळताय असं वाटतं.

तर त्या मुलीच्या वाक्याकडे परत येऊ. आम्ही दोघींनी मिळून ते सोडवलं. आधी शेवटचं अँड सो ऑन काढलं, मग अँड मेनी मोअर, मग एटसेटरा, मग सुरुवातीचं फॉर एक्झाम्पल, कारण सच ॲज एकटं पुरेसं आहे. उरलं 'प्रोफेशन्स सच ॲज डॉक्टर्स, टीचर्स, नर्सेस.' एवढा पसारा हलल्यावर खालची खरी चूक वर आली, डॉक्टर हा प्रोफेशन नाही, डॉक्टर माणूस आहे, प्रोफेशन मेडिसिन. ती तिची तिनेच पकडली, मी काही बोलले नव्हते. मग झालं 'प्रोफेशन्स सच ॲज मेडिसिन, टीचिंग, अँड नर्सिंग नीड लाँग ट्रेनिंग.' पण लगेच तिचा चेहरा उतरला, कारण आधी तिचे २५३ शब्द होते आणि आता ते २४५ झाले होते, काकू, खाली गेले ना. मी म्हटलं मग अजून एक खरी गोष्ट लिही, तुझ्या घरात यांच्यापैकी कोणी आहे का? तिची मावशी नर्स निघाली. पेन्सिलने तिने तिथेच समासात लिहिलं, 'माय आंट, हू इज अ नर्स, ट्रेन्ड फॉर फोर इयर्स अँड स्टिल वर्क्स नाइट शिफ्ट्स', आणि बोटांवर मोजून म्हणाली, २६०.